होका, आगबोट आणि तिएतोकोने

फिनलंडमध्ये कॉम्प्युटरला 'तिएतोकोने' म्हणतात. 'तिएतो' म्हणजे ज्ञान किंवा माहिती आणि 'कोने' म्हणजे यंत्र. वरवर बघितलं तर साधा जोडशब्द. पण 'तिएतो'चं मूळ शोधत गेलेले अभ्यासक 'तिए' या शब्दापाशी पोचतात आणि 'तिए' म्हणजे वाट. ज्याला वाट ठाऊक, तो जाणता. 'कोने'ची हकिगत तर आणखी पुढची. जुन्या फिनिशमध्ये हा शब्द मंत्रतंत्राचा, चेटकाच्या साधनाचा होता. कारखान्यांच्या काळात लोकांनी तोच उचलला आणि यंत्राला लावला.

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर या शब्दावरून मामा-भाच्यात वाद पेटला. मामा हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेले. भाचा मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनातून डिप्लोमा घेतलेला, नौकांवर जीपीएस, वायरलेस आणि फिश फाइंडर बसवून देणारा. 'तंत्रनिकेतन' हा शब्द त्याच्या दाखल्यावर आहे. गावात सगळे पॉलिटेक्निकच म्हणतात, आणि भाच्याचा पहिला मुद्दा नेमका तोच होता.

"मामानू, तुमचे शब्द दाखल्यार ऱ्हवतत. तोंडात येनत नाय. मोबाइलाक तुम्ही 'भ्रमणध्वनी' म्हणून घातलात लग्नाच्या पत्रिकेर. पण हरवलो तेव्हा काय म्हणून सोदलात?"

मामांनी पत्रिकेचा विषय बाजूला ठेवला आणि मोबाइलचा धरला. "झिला, तुमच्या घरातला पहिला मोबाइल कुठला होता?"

नोकिया. किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत तोच होता. २००३ साली आलेल्या नोकिया ११०० ला डोक्यावर बॅटरी होती आणि पहाटेच्या काळोखात जाळं सोडवताना तिचा उपयोग व्हायचा. मामा म्हणाले, "तो फोन करणारी कंपनी फिनलंडची. आणि ते लोक आपल्या घरात त्याला मोबाइल म्हणत नव्हते. त्यांचा शब्द 'कॅन्न्युक्कॅ', तळहाताशी नातं सांगणारा. नोकियाच्याच कंपनीनं १९८०च्या दशकात तो व्यापारी नाव म्हणून नोंदवला होता. पुढे लोकांनी तो कंपनीच्या हातातून काढून घेतला आणि कुठल्याही मोबाइलला लावला. साध्या फोनला ते 'पुहेलिन' म्हणतात. ज्यानं बोलायचं ते. साठ लाखांच्या आतला देश. त्यांना जमतं, आम्ही मराठी बोलणारे आठ कोटींच्या वर आणि आम्हाला जमत नाही?"

इथे फिनलंडचा इतिहास थोडा सांगायला हवा, कारण मामांचा सगळा जोर त्यावर आहे. तो देश १८०९ पर्यंत स्वीडनकडे होता, नंतर रशियाकडे गेला. कचेरीची, कोर्टाची, शिकलेल्यांची भाषा स्वीडिश. फिनिश ही शेतकऱ्यांची आणि कोळ्यांची. १८६३ साली झारनं हुकूम काढला, तेव्हा कुठे तिला कचेरीत बरोबरीचं स्थान मिळायला सुरुवात झाली. पण शब्द घडवणाऱ्यांनी हुकमाची वाट बघितली नव्हती. १८४५ साली, फिनलंडमध्ये घरोघर दिवे लागण्याच्या कितीतरी आधी, सॅम्युएल रोस नावाच्या गृहस्थानं विजेसाठी 'सॅहकॉ' हा शब्द वापरला. ठिणगी उडणे आणि फिसकारणे, या अर्थाच्या दोन देशी क्रियापदांचा वास त्याला आहे.

भाच्यानं नेमकं इथंच मामांना पकडलं. "म्हणजे तेणी चुलीकडचो शब्द उचलल्यान. ठिणगी, फिस्कारणा. सावरकरांनी खयसून घेतल्यानी? 'टेली' म्हणजे दूर, 'फोन' म्हणजे ध्वनी. ग्रीक शब्द संस्कृतात घातल्यानी, इतक्याच. दांड्यावरच्या म्हातारेक दोनय सारखेच लांबचे."

सावरकरांचं नाव निघणारच होतं. अंदमानातून सुटल्यावर १९२४ ते १९३७ ही वर्षं ते रत्नागिरीत स्थानबद्ध होते, आणि मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. म्हणजे परके शब्द काढून आपले घालण्याची त्यांची भाषाशुद्धीची चळवळ या किनाऱ्याच्या घरचीच. दिनांक, क्रमांक, महापौर, चित्रपट, दिग्दर्शक, दूरध्वनी असे कितीतरी शब्द त्यांच्या नावावर सांगितले जातात. माधव जूलियनांसारखा कवी, ज्यानं १९२५ साली फारसी-मराठी कोश सिद्ध केला आणि ज्याच्या कवितेत फारसी शब्दांची रेलचेल होती, तोही पुढे या बाजूला आला. १९३८ साली त्यांनी 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिलं आणि स्वतःच्या जुन्या कविता नव्यानं धुऊन काढल्या. एवढी निष्ठा दाखवणाऱ्या माणसांचा वाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

मामांनी भाच्याला तेच सुनावलं. "तू रोज 'क्रमांक' लिहितोस, 'दिनांक' लिहितोस, 'चित्रपट' म्हणतोस. तेव्हा तुला संस्कृत लांबचं वाटत नाही. आणि संस्कृतच का, त्यालाही कारण होतं. १९६१ साली केंद्र सरकारनं शास्त्रीय परिभाषेसाठी आयोग नेमला. त्याचं धोरण असं की एकच शब्द शक्यतो मराठीत, बंगालीत, तेलुगूत चालावा. मग सगळ्यांच्या ओळखीची खाण कुठली? आमचं भाषा संचालनालय १९६० चं. त्यांनी विषयवार कोश काढले. त्या कोशांवर माणसांची आयुष्यं गेली आहेत रे."

"गेली. पण वापरल्यानी कोणी?"

या प्रश्नाचं उत्तर शब्दागणिक वेगळं आहे आणि त्यात एक तऱ्हा दिसते. 'महापौर' चालला, कारण नगरपालिकांनी आणि वर्तमानपत्रांनी तो रोज छापला. 'मुख्याध्यापक' चालला, कारण शाळेच्या दारावर पाटी लागली. 'आकाशवाणी' हे नाव १९३५ साली म्हैसूरला प्रा. एम. व्ही. गोपालस्वामींनी घरात काढलेल्या केंद्राचं. पुढे सरकारनं ते देशभरासाठी घेतलं आणि रत्नागिरी केंद्र आजही 'आकाशवाणी' म्हणूनच ओळख सांगतं. पण ज्या खोक्यातून ती वाणी येते, तो रेडिओच राहिला. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं. घरात आला तो मात्र टीव्ही. अगदी शिवकाळातही हेच झालेलं दिसतं. राज्याभिषेकाच्या वेळी मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, सरनोबताचा सेनापती, आणि रघुनाथ पंडितांनी 'राज्यव्यवहारकोश' रचला. 'सचिव' आणि 'सेनापती' आजही कामावर आहेत. पदं, कचेऱ्या, संस्था यांना वरून दिलेलं नाव चिकटतं, कारण तिथे पाटी लावायचा अधिकार कोणाच्या तरी हातात असतो. तिथेही नेहमी नाहीच: पेशव्याला 'पंतप्रधान' म्हटलं, तरी इतिहासात तो पेशवाच राहिला. हातात धरायची वस्तू तर कोणाची पाटी मानत नाही.

फिनलंडमध्ये 'तिएतोकोने' टिकला, त्याचं कारणही इथेच शोधावं लागतं. १९५४ साली तिथे एक समिती नेमली गेली. रोल्फ नेवानलिन्ना हे गणिती तिचे अध्यक्ष. समितीचं नावच 'गणितयंत्र समिती'. तिनं बांधलेला एस्को हा कॉम्प्युटर १९६० साली पुरा झाला. त्याआधी १९५८ साली तिथल्या पोस्टाच्या बँकेनं आयबीएमचं यंत्र आणलं होतं. त्या वर्षांत 'गणितयंत्र', 'विजेचा मेंदू' अशी नावं तिथे फिरत होती. यंत्रं थोडी होती, ती हाताळणारे थोडे होते, आणि सगळे फिनिशमध्ये बोलत, लिहीत, बिलं करत होते. त्या बोलण्यात 'तिएतोकोने' वर आला. फ्रान्समध्ये १९५५ साली आयबीएमनं यंत्र विकायला काढण्यापूर्वी जाक पेरे या लॅटिनच्या प्राध्यापकाला नाव विचारलं आणि 'ऑर्डिनातर' हा शब्द खोक्याबरोबरच दुकानात आला.

आणि आपल्याकडे? मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या चमूनं बांधलेला कॉम्प्युटरही १९६० सालीच चालू झाला. एस्कोच्या बरोबरीचा, आपल्याच हातानं बांधलेला. १९६२ मध्ये नेहरूंनी त्याचं बारसं केलं: टिफ्रॅक. सहा इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं, त्यातच संस्थेचं नाव. बांधणारे, चालवणारे, त्यावर निबंध लिहिणारे सगळे इंग्रजीत काम करत होते. तिथे मराठी नावाची कोणाला गरजच पडली नाही. 'संगणक' पुढे पाठ्यपुस्तकातून आला, शासकीय परिपत्रकातून आला. चांगला शब्द आहे, सुटसुटीत आहे, पण तो आला तेव्हा 'कॉम्प्युटर' क्लासच्या पाटीवर कधीच चढून बसला होता.

मामा हे ऐकून गप्प बसणाऱ्यातले नव्हेत. "मग वस्तूंना मराठीत नावं कधी पडलीच नाहीत असं म्हणायचंय का तुला? आगबोट कोणी केली?"

हा मामांचा हुकमी पत्ता. मुंबईहून निघालेली आगबोट देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत गोव्याकडे जायची. मालवणला खडकांमुळे ती लांब उभी राहायची आणि माणसं पडावातून किनाऱ्याला यायची. घाटातली वाट आणि एसटी यांच्या आधी कोकण मुंबईशी या बोटीनंच जोडलेलं होतं. चाकरमानी गणपतीला तिनं येत, आंब्याच्या पेट्या तिनं जात, आणि ज्याला बोट लागायची तो घरी पोचेपर्यंत आडवा पडलेला असे. 'आगबोट' या शब्दात 'आग' आपली, 'बोट' इंग्रजांची. कुठल्या समितीनं तो केलेला नाही. बोटीच्या पोटात आग दिसली, नाव पडलं. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, तिलाही लोकांनी तसंच 'आगगाडी' म्हटलं. देवगडला पठारावर पाती फिरायला लागली, ती पवनचक्की. पाण्याखालून जाणारी ती पाणबुडी. कुठल्याही पोराला विचारा, पाणबुडी काय करते ते शब्दच सांगतो.

"आणि होका," मामा म्हणाले. "तुझ्या आज्याच्या होडीत काय होतं?"

आज्याच्या होडीत पितळी वाटीत तरंगणारी तबकडी होती. वाटी दोन कड्यांत अशी अडकवलेली की होडी कितीही कलली तरी तबकडी सपाट. काच हाताच्या पंज्यानं पुसायची आणि वाटीवरच्या रेषेशी आकडा जुळवायचा. तो होका. पुस्तकात त्याचं होकायंत्र झालं. 'होका' या शब्दाचा माग अरबी 'हुक्का' म्हणजे डबी, असा लावतात. अरब नाखवेही होकायंत्राच्या डबीला हाच शब्द वापरत. ओढायच्या हुक्क्याचा तो सख्खा भाऊ. म्हणजे किनाऱ्यावरच्या सगळ्यांत जुन्या यंत्राचं नाव अर्धं अरबी, अर्धं संस्कृत, आणि पूर्ण मराठी.

भाच्याला हा दाखला मामांच्या बाजूचा वाटलाच नाही. "बघा, म्हणजे मी म्हणतंय तांच झाला. होको अरबी. सुकाणू अरबी. बंदर फारसी. आरमार पोर्तुगीज. महाराजांनी १६६४ साली हय समुद्रात किल्लो बांधूक घेतल्यानी, आरमार उभा केल्यानी, आणि आरमार ह्यो शब्दच फिरंग्यांकडसून इलो. पगार, चावी, बादली, लिलाव, सगळा तिकडचा. लिलावाशिवाय मासळी विकली जायत काय? मगे 'फिश फाइंडर' कशाक नको?"

बिनतोड वाटावा असा युक्तिवाद आहे. या लिखाणाचा कल मात्र इथे थोडा मामांकडे झुकतो, आणि त्याचं कारण स्वतः भाच्यानंच दिलं आहे.

फिश फाइंडर ही वस्तू जवळून बघण्यासारखी आहे. नौकेच्या तळाला मुठीएवढा ट्रान्सड्यूसर बसवतात. तो खाली आवाजाचे ठोके सोडतो, बहुधा ५० किंवा २०० किलोहर्ट्झचे, माणसाच्या कानाला न येणारे. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. खाली ३० मीटर पाणी असेल तर ठोका तळाला आपटून ०.०४ सेकंदात परत येतो, आणि त्या वेळावरून यंत्र खोली काढतं. मध्ये मासळीचा थवा असला, तर तिच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून आवाज उलटतो आणि पडद्यावर डाग उमटतो. खडकाळ तळ जाड, ठसठशीत दिसतो. चिखलाचा तळ फिका. जाळं कुठे फाटेल आणि कुठे नाही, हे त्यावरून कळतं. मासळी कमी झाली आहे, डिझेल महाग आहे, मोठ्या पर्ससीन नौकांशी सामना आहे. अशा दिवसांत लहान नौकेवाल्याच्या दृष्टीनं ही माहिती घरखर्चाची आहे.

पण पडद्यावरची अक्षरं इंग्रजी आणि सोबतची पुस्तिकाही इंग्रजी. नौका चालवणारा तांडेल दोन बटणं वापरतो, बाकीची दहा तशीच राहतात. काही बिघडलं की भाच्याला फोन.

"मग तू गेलास की काय सांगतोस त्याला?" मामांनी विचारलं.

"काय सांगतलंय? गेन, म्हणजे आवाज पकडूची ताकद, वाढवलंस तर कचरो दिसता, कमी केलंस तर बारीक मासळी चुकता. वरसून पट्टो दिसता तो पाण्याचो फेस, तेका भुलू नको. तळाची रेघ दोनदा दिसली तर खाली कडक आसा, जाळा टाकू नको."

"कचरा. फेसाचा पट्टा. कडक तळ. हे कोणाचे शब्द?"

"कोणाचे म्हणजे? समजूक होये म्हणून म्हणतंय."

मामांना हवं होतं ते एवढंच. फिनलंडमध्ये तांडेलाला जो पडदा दिसतो त्यावरची गेन, वारंवारता, खोली, सगळी त्याच्या भाषेत असू शकते, कारण तिथे शंभर-दीडशे वर्षं प्रत्येक यंत्राबरोबर शब्दही बसवले गेले. नाव हा त्यातला एक तुकडा. 'तिएतोकोने'च्या मागे एक आख्खी पुस्तिका आहे. उसना शब्द घ्यायला हरकत काहीच नाही. 'सुकाणू' घेतला तेव्हा सुकाणू कसं धरायचं, वळवायचं, बांधायचं हे सगळं आपण आपल्या बोलीत केलं. 'फाइंडर' घेतला, पण त्याच्या पोटातलं काहीच घेतलं नाही. आणि ते घ्यायचं काम कोश करू शकत नाही, हेही भाच्याचं खरं आहे. ते डेकवर उभं राहून, ओल्या हातानं, भाचाच करतो आहे. फक्त ते कुठे लिहिलं जात नाही. परिभाषा समितीच्या टेबलावर 'कचरो' हा शब्द कधी पोचणार नाही. तिथे 'नॉइज'ला काहीतरी तत्सम सुचवलं जाईल आणि ते छापून कपाटात राहील. समित्यांनी दालनातून उठून साखरी नाट्यात, वेंगुर्ल्याच्या आणि मालवणच्या बंदरात दुरुस्ती करणाऱ्या पोरांचं बोलणं ऐकावं, ही मागणी जरा मोठ्या आवाजात करायला हवी.

यावर भाच्याची हरकत आहे आणि ती हलकी नाही. "मी मालवणीत सांगतंय. रत्नागिरीचो तांडेल दुसऱ्या शब्दात सांगतलो, पालघरचो तिसऱ्या. लिवतलात खयचो? शेवटी शहरातलो माणूसच ठरवतलो, आणि आमचो शब्द अशुद्ध म्हणून काढून टाकतलो." बोलीतला शब्द प्रमाण मराठीत आणायचा तर त्याला दारात अडवणारे पुष्कळ, हा अनुभव मालवणी बोलणाऱ्या प्रत्येकाच्या गाठीला आहे. मामांनी स्वतः वर्गात 'खय' आणि 'हय' तांबड्या शाईनं खोडलेलं होतं, हे भाच्यानं त्यांना तिथल्या तिथे ऐकवलं. मामांनी नाकारलं नाही. पेपर तपासायची ती रीतच होती, असं ते म्हणाले, आणि ती रीत वाईट होती असंही म्हणाले.

मग दोघं नावावर आले. मामांचा पहिला प्रस्ताव 'मत्स्यशोधक'. भाच्यानं तो तंत्राच्या अंगानं पाडला: यंत्र मासे शोधतच नाही, आवाज सोडतं आणि परत यायची वाट बघतं, 'फाइंडर' हे कंपनीनं विकायला दिलेलं नाव, त्याचा तर्जुमा कशाला करायचा? मामा म्हणाले, मग 'वावयंत्र' म्हण. होकायंत्रासारखंच. दोन्ही हात पसरून होते ती वाव, सहा फूट. शिशाचं वजन बांधलेली दोरी सोडून खोली मोजायचे तेव्हापासून किनाऱ्यावर ती वावेतच सांगतात.

भाचा यावर थोडा थांबला, कारण यंत्रात मीटर आणि फुटांबरोबर फॅदमचंही माप असतं आणि फॅदम म्हणजे वावच. म्हाताऱ्या तांडेलांच्या नौकांवर तो मुद्दाम तेच माप लावून देतो. त्यांना 'आठ वाव' कळतं, 'साडेचौदा मीटर' कळत नाही. तरी त्याला शब्द पुरता पटलेला नाही. वाव म्हणजे नुसती खोली. तळ कडक की मऊ, हे ज्या यंत्रात दिसतं त्याच्या नावात तळही हवा, असं त्याचं म्हणणं. 'तळयंत्र' त्याला बोअरवेलवाल्यांचं वाटतं.

मामांनी शाळेतली एक जुनी वही काढली आहे. भाचा नौकेवर जातो तेव्हा ते कधीकधी बरोबर जातात आणि तो तांडेलाशी काय बोलतो ते जसंच्या तसं, मालवणीतच, उतरवून घेतात. कचरो, फेसाचो पट्टो, कडक, मऊ, आवाज मारणे, रेघ तुटणे. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात हेच काम कोणी करेल का, याची भाच्यानं तिथल्या एका दुरुस्तीवाल्याकडे चौकशी केली आहे. यंत्राचं नाव अजून ठरायचं आहे, आणि 'वावयंत्र' की आणखी काही, यावर दोघं आजही एकमेकांना सोडत नाहीत.